‘ब्रेक लागतोय ना?’ एवढं विचारून डंपर सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खाणीतला किंवा धरणाच्या कामावरचा डंपर उतारावर अनावर होऊन उलटल्याची बातमी अधूनमधून वाचनात येते. कारण म्हणून ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढच्या ओळीत ऑपरेटरवर गुन्हा दाखल होतो आणि विषय तिथेच मिटतो. मी अशा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, आधी फिटर म्हणून आणि पुढे फोरमन म्हणून. ब्रेक ज्या दिवशी दगा देतो, त्याच्या कितीतरी आधीपासून तो बिघडत आलेला असतो, आणि बिघाडाच्या खुणा गेजवर, तेलात आणि चाकांच्या तापमानात दिसत असतात. त्या बघायला कुणाला वेळ दिला होता का, हे बातमीत कधीच येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी या ब्रेकवर किती भार असतो ते सांगतो. शंभर टन माल वाहणारा डंपर भरला की त्याचं एकूण वजन १६० टनांच्या पुढे जातं. टेकडीवरच्या खाणीतून असा भरलेला डंपर १० टक्के उताराच्या रस्त्यावरून ताशी ३० किलोमीटरने खाली येत असेल, तर चाकांना रस्त्याकडून होणारा रोध वजा केल्यावरही हजार किलोवॉटहून अधिक शक्ती उष्णता होऊन कुठेतरी जिरावी लागते. या गाडीचं इंजिन सुमारे हजार अश्वशक्तीचं, म्हणजे साडेसातशे किलोवॉटच्या आसपास. इंजिन पूर्ण जोर लावून जेवढी ताकद देतं, त्याहून जास्त ताकद ब्रेकला गिळावी लागते. उतार संपेपर्यंत, मिनिटामागून मिनिट.

कोरडी डिस्क आणि पॅड एवढी उष्णता सतत सोसू शकत नाहीत. म्हणून या वर्गातल्या बहुतेक यांत्रिक (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकांना देणाऱ्या) डंपरांच्या मागच्या चाकांत तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा ब्रेक असतो. एक घर्षणाची चकती, एक पोलादी, पुन्हा घर्षणाची, अशी चळत. पिस्टनने दाबली की त्या एकमेकींवर घासतात आणि मधून वाहणारं तेल उष्णता उचलून कूलरकडे नेतं. उतारावर वेग आवरणारा रिटार्डर म्हणजेही बऱ्याच गाड्यांत याच चकत्या असतात, फक्त ऑपरेटरच्या हातातला दांडा वेगळा. त्यामुळे कूलर तुंबला, तेल कमी झालं किंवा ऑपरेटरने वरचा गिअर ठेवून उतार धरला, तर रिटार्डर आणि पायाचा ब्रेक दोन्ही एकाच वेळी तापतात. ‘एक गेला तर दुसरा आहे’ हा दिलासा तिथे खरा नसतो.

आता ज्या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, त्याकडे येतो. तो म्हणजे ॲक्युम्युलेटर.

जुन्या गाड्यांत हवेच्या दाबाने ब्रेकचं तेल ढकललं जायचं. पूर्ण हायड्रॉलिक गाड्यांत पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब ॲक्युम्युलेटर नावाच्या जाड पोलादी नळकांड्यात साठवला जातो. नळकांड्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल, आणि मध्ये पिस्टन किंवा रबरी पिशवी. तेल आत शिरलं की वायू दबतो आणि गरज पडली की तोच वायू तेलाला बाहेर ढकलतो. वीज गेल्यावर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जसं कामाला येतं, तसं इंजिन अचानक बंद पडलं की हे साठवलेलं तेल ब्रेक लावतं. उतारावर इंजिन बंद पडलेल्या ऑपरेटरचा सारा भरवसा त्या नळकांड्यातल्या वायूवर असतो.

आणि तो वायू हळूहळू कमी होतो. व्हॉल्व्हमधून झिरपतो, पिस्टनच्या सीलमधून तेलात मिसळतो. घातक गोष्ट ही, की वायू जवळजवळ संपला तरी इंजिन चालू असेपर्यंत ब्रेक नेहमीसारखा लागतो, कारण पंप दाब पुरवतच असतो. ऑपरेटरला पायाखाली काही वेगळं जाणवत नाही. सुपरवायझर विचारतो, ‘ब्रेक लागतोय ना?’ ऑपरेटर म्हणतो, ‘लागतोय.’ दोघंही खरंच बोलत असतात, आणि तरीही ती गाडी उतारावर नेण्याच्या लायकीची नसते.

हे ओळखायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. इंजिन चालू ठेवून गाडी सपाटीवर उभी करायची, ब्रेकच्या दाबाचा गेज बघायचा आणि पेडल दाबत राहायचं. ॲक्युम्युलेटर ठीक असेल तर दाब सावकाश उतरतो आणि ठरलेल्या आकड्याला पंप पुन्हा भरायला लागतो. वायू गेलेला असेल तर पेडल एकदा दाबलं की काटा धाडकन खाली येतो आणि लगेच वर चढतो, आणि पंपाचं तेल ॲक्युम्युलेटरकडे सोडणारा चार्जिंग व्हॉल्व्ह घडीघडीला सुरू-बंद होत राहतो. जाणता फिटर तो आवाज गाडीशेजारी उभा राहूनही ओळखतो. मग इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून पुन्हा पेडल दाबायचं आणि इशाऱ्याचा दिवा लागेपर्यंत किती वेळा ब्रेक लागला ते मोजायचं. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा ते कमी भरलं, तर गाडी बाहेर जाता कामा नये.

वायूचा प्रत्यक्ष दाब मोजायचा असेल तर आधी तेलाच्या बाजूचा दाब पूर्ण शून्यावर आणावा लागतो. तो न आणता लावलेला गेज तेलाचाच दाब दाखवतो आणि माणूस समाधानाने ‘भरपूर आहे’ असं लिहून मोकळा होतो. तापमानही नोंदवायला हवं. २० अंश सेल्सिअसला भरलेला वायू ५० अंशांवर गेला तर त्याचा दाब सुमारे १० टक्क्यांनी वाढलेला दिसतो. दुपारी तापलेल्या गाडीवर घेतलेला आकडा म्हणूनच फसवतो. गाडी थंड असताना मोजावं, नाहीतर पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे तापमानाचा हिशेब करावा. व्हॉल्व्हची सुई दाबल्यावर वायूबरोबर तेल बाहेर आलं, तर आतलं सील किंवा पिशवी गेली असं समजायचं. वरून वायू भरून तिथे काही साधत नाही.

एक गोष्ट प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून ठेवावी असं मला वाटतं. ॲक्युम्युलेटरमध्ये फक्त कोरडा नायट्रोजन भरायचा. ऑक्सिजन कधीही नाही, कॉम्प्रेसरची हवाही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. वेल्डिंगच्या ऑक्सिजनचं सिलिंडर शेजारीच उभं असतं, नायट्रोजनचं संपलेलं असतं आणि रात्रपाळीत विचारायला कुणी नसतं. धोका तिथे असतो.

गाडी धावून आल्याबरोबर चारही कोपऱ्यांचं तापमान दुरून मोजायच्या थर्मामीटरने बघण्याची सवय मी माझ्या मुलांना लावली होती (वर्कशॉपमधल्या पोरांना मी मुलंच म्हणतो). पुढची दोन चाकं एकमेकांशी ताडायची, मागची दोन एकमेकांशी. एक चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. पिस्टन अडकला असेल, परतीची वाट तुंबली असेल, किंवा रबरी होजचं आतलं अस्तर सुटून त्याचा पडदा तयार झाला असेल, जो तेल आत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. होज बाहेरून अगदी नवा दिसत असतो. तापलेल्या चाकाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, वास येतो, धूर येतो. मला जास्त काळजी असायची ती थंड चाकाची. त्या चाकाचा ब्रेक कामच करत नसतो, त्याचा वाटा बाकीची चाकं उचलत असतात, आणि त्याची तक्रार कुणीच करत नाही.

तापलेल्या चाकाबद्दल एक इशारा इथेच द्यायला हवा. अडकलेल्या ब्रेकची उष्णता रिममधून टायरमध्ये जाते आणि टायरच्या आतलं रबर जळून पेट घेणारे वायू तयार होऊ शकतात. असा टायर गाडी उभी केल्यावर कित्येक तासांनीही फुटू शकतो. धूर दिसला म्हणून कुणीही पाण्याची बादली घेऊन त्याच्याजवळ धावू नये. माणसं लांब न्यावीत आणि गाडी तशीच सोडून द्यावी.

तेलाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘तेल ते तेल’ म्हणणाऱ्यांचा. काही गाड्यांच्या ब्रेकला ग्लायकॉलचं ब्रेक फ्लुइड लागतं, काहींना खनिज तेल. दोन्हींची सीलं वेगळ्या रबराची. ग्लायकॉलसाठी बनवलेल्या ईपीडीएम रबराच्या सीलवर खनिज तेल गेलं तर ती फुगून मऊ पडतात. उलट खनिज तेलासाठीच्या नायट्राइल सीलला ग्लायकॉलचं फ्लुइड खराब करतं. चुकीच्या कॅनमधून टॉप-अप झाला, तर नुसतं तेल बदलून भागत नाही. त्या सर्किटमधलं प्रत्येक सील बदलायला लागतं. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत. वर्कशॉपमध्ये यावर हमखास वाद होतो, कारण त्यासाठी गाडी दिवसचे दिवस उभी राहते. तरीही दुसरा मार्ग नाही.

शिवाय ग्लायकॉलचं फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे वर्षानुवर्षं न बदललेलं फ्लुइड लांब उतारावर उकळू शकतं, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोचवत नाही. टाकीत पातळी पूर्ण दिसत असते. उघडून ठेवलेला अर्धा कॅन पुढच्या सर्व्हिसला वापरणं बंद करा, एवढं ऐकलं तरी पुष्कळ.

तेलातल्या ब्रेकसाठी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं हा खर्च नव्हे. सिलिकॉन आणि लोखंड एकत्र वाढलं की चाकाच्या सीलमधून धूळ आत शिरतेय हे कळतं. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलरमधून शीतकाचं पाणी तेलात येत असण्याची शक्यता असते. चकत्यांची झीज मोजायला झीजदर्शक पिन असते, ती वापरावी. चाक उघडण्याची गरज नसते. अहवाल येतो, फाइलला लागतो आणि कुणी वाचत नाही, हेही मी पाहिलं आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांच्या जिवाबद्दलही लिहायलाच हवं. इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला, असं नवा मुलगा समजतो. ॲक्युम्युलेटरमुळे लाइनमध्ये दाब तसाच असतो. गाडी सपाटीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागची बॉडी खाली टेकवलेली किंवा सेफ्टी पिन लावलेली, चावी काढून कुलूप आणि नावाचा टॅग, मग गेज शून्य दाखवेपर्यंत पेडल दाबून किंवा ड्रेन व्हॉल्व्हने दाब सोडणं. हे सगळं झाल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. केसाएवढ्या छिद्रातून आलेलं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस काम करत राहतो आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. अशा जखमेला ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. डॉक्टरांना ‘उच्च दाबाचं तेल आत गेलं आहे’ हे सांगायला सोबत माणूस पाठवा, नाहीतर टिटॅनसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतात.

बंद पडलेली गाडी ओढून नेताना असाच प्रसंग येतो. पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, त्यामुळे दाब गेला की तो आपोआप लागतो. ही रचना माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. गाडी हलवायची म्हणून हातपंपाने तो सोडला, की त्या क्षणापासून गाडीला कुठलाच ब्रेक उरत नाही. ठोकळे आणि भक्कम टो-बार लागलेला असल्याशिवाय तो सोडू नये. तारदोराने उतारावर ओढणं तर नकोच.

चाकांच्या माती-काम यंत्रांच्या ब्रेकसाठी आयएसओ ३४५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रोजचा आणि दुय्यम (आणीबाणीचा) ब्रेक मिळून वापरतात असा एखादा भाग निकामी झाला तरी गाडी दुय्यम ब्रेकने थांबवता आली पाहिजे, अशी त्यात अपेक्षा आहे. कारखान्यातून गाडी तशीच येते. ती तशी राहते की नाही, हे वर्कशॉप ठरवतं.

आणि वर्कशॉपला वेळ दिला जात नाही. उभ्या गाडीचा तास न तास मोजला जातो, टनांचा हिशेब रोज संध्याकाळी होतो, पण ब्रेकची चाचणी कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पाळी सुरू होताना सपाटीवर ब्रेक लावून, पुस्तकात सांगितलेल्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग मिनिटाला ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत (आरपीएम) वाढवायचा आणि गाडी जागची हलते का बघायचं; आधी पायाचा ब्रेक, मग दुय्यम, मग पार्किंग. काही मिनिटांचं काम. तेवढ्यासाठीही ‘आधी एक खेप मारून ये’ असं सांगितलं जातं.

ऑपरेटर पाळीच्या कागदावर लिहितो, ‘ब्रेक ढिला वाटतो.’ दुसऱ्या पाळीचा मेकॅनिक खाली लिहितो, ‘चेक केले, ओके.’ असे कागद मी गठ्ठ्यांनी वाचले आहेत. त्या ‘ओके’मधून काहीच कळत नाही. किती दाब होता, कुठल्या गिअरमध्ये किती फेऱ्यांवर गाडी धरली, चारही चाकांचं तापमान काय होतं, पिन किती आत गेली होती, हे आकडे लिहा. आकडे लिहायचे म्हटले की मोजावं लागतं. आणि महिन्याचे आकडे एकाखाली एक लागले की उतरत जाणारा दाब शिकाऊ मुलालाही दिसतो.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की अशा अपघाताच्या ठिकाणी गेल्यावर ऑपरेटरचा परवाना विचारावा, तसाच त्या गाडीचा शेवटचा ब्रेक चाचणीचा कागदही मागावा. नायट्रोजन कधी तपासला होता आणि त्या आठवड्यात ब्रेकबद्दल कुणी तक्रार लिहिली होती का, हे विचारावं. ब्रेकबद्दल शंका आली म्हणून गाडी न्यायला नकार देणाऱ्या ऑपरेटरची खेप कापली जाते का, हेही विचारावं. माझ्या माहितीतल्या चांगल्या ऑपरेटरांनी असे नकार दिले आहेत आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत. त्यांच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं.

शेवटची सूचना तंत्रशिक्षण देणाऱ्यांसाठी. नवी मुलं येतात तेव्हा त्यांना मोटारीचा मास्टर सिलिंडर आणि ब्रेक शू पाठ असतात, पण ॲक्युम्युलेटर त्यांनी चित्रातच पाहिलेला असतो. मोटारीच्या लाइनमध्ये हवा शिरली की पेडल मऊ पडतं आणि पायाला कळतं. या गाड्यांत पेडलखाली झडप असते आणि तेल पंपाकडून येतं, त्यामुळे तसा स्पष्ट इशारा मिळत नाही. हा फरक शिकवल्याशिवाय मुलाला डंपरखाली पाठवू नये. निकामी ॲक्युम्युलेटर प्रत्येक मोठ्या वर्कशॉपच्या भंगारात पडलेला असतो. जाणकार माणसाकडून त्यातला वायू पूर्ण काढून, व्हॉल्व्ह उतरवून, तो रिकामा असल्याची खात्री करून मगच उभा कापून घ्यावा आणि वर्गातल्या टेबलावर ठेवावा. पिस्टन कुठे सरकतो, सील कुठे बसतं, वायू कुठून निसटतो, हे मुलांना बोट लावून बघता येईल. कुणा शिक्षकांना तो कापण्याआधी काय काय तपासायचं याची माहिती हवी असेल, तर मी आनंदाने येऊन दाखवीन.

आपला,
अवजड वाहनांच्या वर्कशॉपमधला एक निवृत्त फोरमन